हे टेबला!

टेबलाला हाक मारायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. आमच्या घरातल्या टेबलाशी माझे संबंध तसे बरे आहेत. त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली दरवर्षी मागल्या सालच्या पंचांगाची घडी सरकवण्याचे काम माझ्याकडे आहे. पण "हे टेबला!" असे म्हणून त्याच्याशी बोलायला सुरुवात करावी, इतकी जवळीक आमच्यात नाही. इंग्लंडातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना मात्र लॅटिनची दीक्षा मिळाली ती या हाकेपासूनच. मेन्सा म्हणजे टेबल. त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा मेन्सा, म्हणजे "हे टेबला!" मग टेबलाला, टेबलाचे, टेबलासाठी आणि टेबलाकडून. पाठ करा!

विन्स्टन चर्चिल सात वर्षांचा असताना शाळेतल्या पहिल्याच दिवशी हे पान त्याच्या पुढ्यात आले. ती हकीगत त्याने १९३० साली छापलेल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. "हे टेबला" कशासाठी, असे त्याने मास्तरांना विचारले. टेबलाशी बोलताना वापरायचे, असे मास्तरांनी सांगितले. आपण टेबलाशी कधीच बोलत नाही, हे पोराने त्यांच्या कानावर घातले. त्यावर, पुन्हा असा उद्धटपणा केलास तर चांगली शिक्षा होईल, असे मास्तरांनी बजावले. लॅटिन शिकवण्याच्या साऱ्या इतिहासात इतका रास्त प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नसेल आणि मास्तर लोकांचे खरे उत्तरही इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे सापडायचे नाही.

आपण हसतो. पण हसण्याआधी जरा आपल्या पाटाखाली पाहावे. आम्हीही शाळेत "हे वन", "हे फल" असे ठणकावून म्हणतच होतो की! सबंध वर्ग एका सुरात वनाला हाका मारतो आहे आणि खिडकीबाहेर एक निंबाचे झाड निमूटपणे ऐकते आहे, असे ते दृश्य असायचे. त्यातल्या त्यात आपल्याकडे एक सोय आहे. संस्कृतात मेघाला निरोप सांगणारा यक्ष होऊन गेला. तेव्हा झाडाझुडपांना हाक मारणे अगदीच वाया जात नाही. टेबलाकडे निरोप देणारा रोमन कवी मात्र माझ्या ऐकिवात नाही.

आता तुम्ही म्हणाल, मराठी माणसाला लॅटिनच्या क्रमिक पुस्तकांची उठाठेव सांगितली आहे कुणी? तर सांगतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एकदा केनेडीचे लॅटिन व्याकरण रद्दीच्या भावात मिळाले. मी घेतले ते त्याच्या बांधणीवर खूश होऊन. घरी आणून चाळले आणि लक्षात आले की आपले संस्कृतचे पुस्तक आणि हे पुस्तक एकाच पंक्तीला जेवलेले आहेत. तेव्हापासून हा नाद लागला. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, मी मेलेल्या भाषांची शालेय पुस्तके जमवतो. घरात दोन्हींबद्दल सारखाच आदर आहे.

मेलेल्या भाषेच्या पुस्तकाची गोष्टच निराळी असते. जिवंत भाषेचे पुस्तक वाईट निघाले तरी फारसे बिघडत नाही. पुस्तकाने कितीही वाकडे हिंदी शिकवले तरी मुलगा मुंबईत एकदा टॅक्सीत बसला की ड्रायव्हर ते सरळ (किंवा निदान मुंबईचे) करून देतो. लॅटिनला टॅक्सीवाला नाही, भाजीवाली नाही, शेजारीण नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने लॅटिन म्हणजे ते एक पुस्तक. पुस्तकात युद्ध असेल तर रोमन माणूस सदा लढत होता आणि पुस्तकात नुसती टेबले असतील तर तो सदा टेबलांना हाका मारत होता. म्हणून अशा पुस्तकाचे परीक्षण फार कडक व्हायला हवे. प्रत्यक्षात ते कधीच होत नाही, कारण ज्यांनी ते वाचलेले असते त्यांना ते पुन्हा उघडायची हिंमत नसते.

या घराण्याचा मूळपुरुष विल्यम लिली. लंडनच्या सेंट पॉल शाळेचा हा हेडमास्तर १५२२ साली वारला. त्याच्या नावाने तयार झालेल्या व्याकरणाला १५४० च्या सुमारास आठव्या हेन्रीने राजमान्यता दिली आणि शाळांनी हेच वापरायचे असे ठरवून टाकले. या राजाने बायका बदलल्या, धर्म बदलला, पण व्याकरण मात्र सगळ्यांना एकच ठेवले. शेक्सपिअर त्याच व्याकरणावर वाढला असे समजतात. 'मेरी वाइव्हज ऑफ विंडसर' या त्याच्या नाटकात विल्यम नावाच्याच पोराची विभक्तींची तोंडी परीक्षा घेण्याचा प्रवेश आहे. बाजूला उभ्या असलेल्या एका बाईला षष्ठीचे रूप शिवीसारखे ऐकू येते आणि पोराला हे असले काय शिकवता म्हणून ती मास्तरांवर खवळते. चारशे वर्षे झाली, पण लॅटिनच्या तासाचा इतका खरा अहवाल कुठल्याही शिक्षण आयोगाला देता आलेला नाही.

आयोग मात्र नेमले गेले. १८६१ साली इंग्लंडातल्या नऊ बड्या शाळांची चौकशी करायला क्लॅरेंडन आयोग बसला आणि १८६४ साली त्याचा अहवाल आला. त्यानंतर या शाळांसाठी मिळून एकच लॅटिन व्याकरण करायचे ठरले. काम आले बेंजामिन हॉल केनेडी यांच्याकडे. हे श्रूसबरी शाळेचे तीस वर्षांचे हेडमास्तर. १८६६ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच्या जडपणाबद्दल ओरड झाली. मग १८८८ साली सुधारून, सोपे करून 'रिव्हाइज्ड लॅटिन प्रायमर' निघाले. तेच आजतागायत छापले जाते. माझ्याजवळची प्रत त्याचीच.

या पुस्तकाची निंदा करण्याआधी त्याची स्तुती करणे भाग आहे. पुस्तक अतिशय चोख आहे. रूपांचे तक्ते असे मांडलेले आहेत की डोळे मिटले तरी पान दिसते. कशाला काय अपवाद आणि अपवादाला काय अपवाद, सारे जागच्या जागी. लिंगे लक्षात राहावीत म्हणून मागे यमके जुळवून दिली आहेत. रेल्वेचे वेळापत्रक इतके शुद्ध छापले तर आपल्या कितीतरी गाड्या चुकणार नाहीत. दोष एवढाच की सबंध वेळापत्रक तोंडपाठ झाले तरी माणूस पुण्याहून मिरजेला पोचत नाही. केनेडीने शिकलेली पोरे आयुष्यभर फलाटावर उभी राहून गाड्यांची नावे घेत राहिली. त्यांतली थोडी गाडीत बसली, ती प्रोफेसर झाली.

पोरांनी याचा सूड आपल्या पद्धतीने घेतला. याच घराण्यातल्या 'शॉर्टर लॅटिन प्रायमर' या छोट्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शाई फिरवून त्याचे 'शॉर्टब्रेड ईटिंग प्रायमर', म्हणजे बिस्किटे खाण्याचे पहिले पुस्तक, असे करायची चालच इंग्लंडातल्या शाळांत पडली होती. जेफ्री विलन्स आणि चित्रकार रोनाल्ड सर्ल यांनी १९५४ साली काढलेल्या एका विनोदी पुस्तकात तर केनेडीसाहेब जेरंड नावाच्या व्याकरणातल्या जनावराला पकडून कैदेत नेत आहेत असे चित्र आहे. आणि १९७९ सालच्या 'लाइफ ऑफ ब्रायन' या सिनेमात रात्री भिंतीवर रोमन लोकांविरुद्ध घोषणा रंगवणाऱ्या क्रांतिकारकाला रोमन शिपाई पकडतो. पण घोषणेबद्दल नव्हे, विभक्ती चुकल्याबद्दल. कान धरून तो त्याच्याकडून वाक्य दुरुस्त करून घेतो आणि शंभर वेळा लिहायची शिक्षा देतो. सकाळपर्यंत भिंत भरते. हा प्रसंग लिहिणाऱ्यांना लॅटिन शिकवणारे मास्तर कुठल्या जातीचे भेटले असतील, ते सांगायला नको.

क्रमिक पुस्तकाची सत्ता कुठवर चालते त्याचा एक मासला पाहा. विभक्तींचा क्रम. इंग्रज पोरगा प्रथमा, मग संबोधन, मग द्वितीया, षष्ठी, चतुर्थी अशा क्रमाने रूपे म्हणतो. हा क्रम तिकडे रूढ झाला केनेडीच्या पुस्तकामुळे. अमेरिकन पोरगा मात्र जुन्या वहिवाटीने प्रथमेनंतर एकदम षष्ठी म्हणतो. दोघांना शेजारी बसवून एकच शब्द चालवायला सांगितला तर दुसऱ्या ओळीलाच भांडण. आणि दोघांचीही खात्री असते की आपला क्रम साक्षात ज्युलिअस सीझरने घालून दिला आहे.

केनेडीचा क्रम मात्र अकलेचा आहे, हे कबूल केले पाहिजे. ज्या विभक्तींची रूपे सारखी होतात त्या त्याने शेजारी आणल्या, म्हणजे पाठ करणाऱ्याचे श्रम वाचतात. नपुंसकलिंगात प्रथमा, संबोधन, द्वितीया एकसारख्या. अनेकवचनात चतुर्थी आणि शेवटची 'कडून'वाली विभक्ती एकसारख्या. पण याबाबतीत आपण साहेबाला फार मान द्यायचे कारण नाही. आपल्या वैयाकरणांनी हे कितीतरी आधी साधून ठेवलेले आहे. रामाचे द्विवचन आठवा. प्रथमा-द्वितीया रामौ, तृतीया-चतुर्थी-पंचमी रामाभ्याम्, षष्ठी-सप्तमी रामयोः. सात विभक्ती आणि तीन रूपे, तीही ओळीने! आम्हाला शाळेत हे कुणी सांगितले नाही. आम्ही समजत होतो की द्विवचनात पाणिनी दमला असावा.

रूपांइतकीच दुसरी गंमत शब्दांची. जुन्या लॅटिन पुस्तकांचा सारा डोळा एका गोष्टीवर असायचा: एक-दोन वर्षांत पोराला सीझरचे गॉलमधल्या लढायांचे वृत्तांत वाचता आले पाहिजेत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून शब्द यायचे ते छावणी, तट, खंदक, भाला, ओलीस, वेढा असे. नपुंसकलिंगी नाम चालवायला केनेडीने निवडला तो शब्दसुद्धा बेल्लुम, म्हणजे युद्ध. हे युद्ध, हे युद्धा, युद्धाला! दोन वर्षे लॅटिन शिकलेला मुलगा एखाद्या गावाची राखरांगोळी करण्याचा हुकूम निर्दोष व्याकरणात देऊ शकत असे, पण तहान लागली तर पाणी मागायची पंचाईत. तशात ही पोरे पुढे साहेबी राज्य चालवायला जगभर जाणार होती. तेव्हा पाण्यापेक्षा हुकूम आधी यावा, हेही बरोबरच.

यावर उपाय काढणारा एक माणूस होऊन गेला आणि त्याचा आपल्याशी संबंध आहे. डब्ल्यू. एच. डी. राउझ यांचा जन्म १८६३ साली कलकत्त्याचा. संस्कृतचा व्यासंग एवढा की केंब्रिज विद्यापीठात ते संस्कृत शिकवत. १९०२ ते १९२८ ते केंब्रिजच्या पर्स शाळेचे हेडमास्तर होते. तिथे त्यांनी लॅटिनचा तास लॅटिनमध्ये घ्यायला सुरुवात केली. ऊठ, बस, दार लाव, खिडकी उघड, सगळे लॅटिनमध्ये. मुले बोलायला लागली. अनेक जण शाळा पाहून थक्क होऊन गेले. आणि तरीही राउझ हरले, केनेडी जिंकले. का? तर राउझच्या पद्धतीला लॅटिन बोलणारा मास्तर लागत होता. केनेडीच्या पुस्तकाला फक्त पुस्तक धरून बसणारा मास्तर पुरत होता. पोराने म्हणायचे, मास्तरांनी पानावर बोट ठेवून ताडून पाहायचे. असल्या मास्तरांचा तुटवडा जगात कुठेच, कधीच पडलेला नाही. क्रमिक पुस्तके टिकतात ती बहुतेक याच गुणावर.

पुढे १९६० साली केंब्रिजने, आणि त्याच सुमारास ऑक्सफर्डने, प्रवेशासाठी लॅटिन हवेच ही अट काढून टाकली. आपल्याकडे "संस्कृत घे, मार्क मिळतात" हे जसे घरोघरी म्हटले जाते, तसेच तिकडे "लॅटिन घे, दार उघडते" असे होते. दार विनाकिल्लीचे उघडे झाले आणि किल्ली विकणारे घाबरले. मग पोरांना आवडेल असे पुस्तक करावे, हा विचार विद्वानांना प्रथमच सुचला. भूक लागली की विद्वानही सुरेख स्वयंपाक करतात. १९६६ साली नफील्ड फाउंडेशनच्या पैशाने काम सुरू झाले आणि १९७० साली 'केंब्रिज लॅटिन कोर्स' बाहेर पडला.

हे पुस्तक मला ठाऊक झाले ते माझ्या नातीमुळे. ती इंग्लंडात शाळेत आहे. एका रविवारी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"आजोबा, सगळे मेले."

माझ्या हातातली कपबशी हलली. "कोण गं? कोण मेले?"

"कॅकिलिअस मेला. आणि सर्बेरस तिथेच बसून राहिला. पळालाच नाही."

सर्बेरस हा कुत्रा आहे आणि कॅकिलिअस हा त्याचा धनी पॉम्पे गावचा सावकार आहे, एवढे समजायला मला पाच मिनिटे लागली. त्याला मरूनही दोन हजार वर्षे होत आली, हे समजल्यावर जीव भांड्यात पडला. पण मी विचार करीत राहिलो. अरे, लॅटिनच्या पुस्तकातले कुणी मेले म्हणून पोरगी रडते आहे! आमच्या काळी संस्कृतच्या पुस्तकात ओळीने राजे मरत. कुणाच्या डोळ्याला पाणी आल्याचे स्मरत नाही. आम्हाला त्यांच्या मरणातला भूतकाळ ओळखायचा असे.

हा कॅकिलिअस अगदीच काल्पनिक नाही. लुसिअस कॅकिलिअस युकुंडस नावाचा सावकार पॉम्पेत खरोखर होता. १८७५ साली त्याच्या घराच्या उत्खननात दीडशेच्या वर मेणपाट्या सापडल्या. लिलावाचे, भाड्याचे, येण्या-देण्याचे कागद म्हणा ना! त्याच्या घरात सापडलेल्या मुखवट्याच्या गालावर ठसठशीत चामखीळही आहे. पुस्तकवाल्यांनी त्याला बायको दिली, मुलगा दिला, ग्रुमिओ नावाचा स्वयंपाकी आणि क्लेमेन्स नावाचा गुलाम दिला. पहिल्या धड्यात कोण घरात कुठे आहे एवढेच सांगितले आहे. मग रोज थोडे थोडे घडत जाते आणि पहिल्या पुस्तकाच्या शेवटी, इसवी सन ७९ मध्ये, व्हेसुव्हिअस फुटतो.

मी नातीला म्हटले, "बरं, रडू नकोस. कॅकिलिअसची षष्ठी सांग बघू."

"षष्ठी दुसऱ्या पुस्तकात आहे, आजोबा."

मी गार! माणूस जगला, सावकारी केली, ज्वालामुखीत मेला, आणि षष्ठी नाही? त्याचे घर, त्याची बायको, त्याचा कुत्रा हे सारे पुस्तकवाल्यांनी षष्ठीवाचून कसे निभावले असेल? पण निभावले आहे खरे. षष्ठी सतराव्या पाठात येते. आधी वाचायचे, मग जे वाचले त्याचे व्याकरण पाहायचे, असा या पुस्तकाचा खाक्या आहे. केनेडीच्या अगदी उलट.

नावाच्या उच्चाराचाही एक घोळ आहे. नात म्हणते कॅकिलिअस, कारण आता शाळेत प्राचीन रोमन उच्चार शिकवतात. तोच नियम लावला तर आपला सिसेरो होतो किकेरो. चर्चच्या लॅटिनमध्ये तो चिचेरो. गोव्यात राशोलच्या सेमिनरीत पिढ्यान्‌पिढ्या पाद्री लॅटिन शिकले आणि १९६० नंतरची काही वर्षे जाईपर्यंत तिथल्या देवळांत मास लॅटिनमध्येच होत असे. तिथला एखादा म्हातारा, माझी नात आणि केनेडीचा जुना विद्यार्थी एकत्र बसले तर एकाच माणसाला तिघे जण तीन नावांनी हाका मारतील आणि तो बिचारा कुणालाच ओ देणार नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की माझा कौल केंब्रिजला. अर्धा आहे. या पुस्तकाने पोरांना वाचायला लावले, ही गोष्ट लहान नाही. पण दोन कुरबुरी आहेत. एक म्हणजे, गोष्टीच्या ओघात पोरे अंदाजाने अर्थ लावायला शिकतात. कुत्रा, स्वयंपाकी आणि मांस असे तीन शब्द दिसले की कुणी काय खाल्ले ते विभक्ती न पाहताही कळते. पुढे खरा किकेरो समोर आला की त्याच्या वाक्यात ना कुत्रा, ना मांस. तिथे अंदाज उपयोगी पडत नाही, केनेडीच आठवावा लागतो.

दुसरी कुरबूर मोठी आहे. त्या घरातले गुलाम फार मजेत असत. ग्रुमिओ स्वयंपाकघरात खुशीत, क्लेमेन्स कामात खुशीत. बायकोला फारसे काम नाही. ती आपली घरात बसलेली. चौदा वर्षांच्या पोराची समजूत अशी व्हायची की रोममध्ये गुलामी म्हणजे एक कायमची नोकरी होती, जेवणखाण धरून. यावर टीका होत राहिली. शेवटी २०२२ साली इंग्लंडात निघालेल्या पाचव्या आवृत्तीत पुस्तक बरेच बदलले. गुलामांच्या जिण्याकडे जरा सरळ नजरेने पाहिले गेले आणि कॅकिलिअसला लुसिआ नावाची मुलगी झाली. बावन्न वर्षांनी! आपल्याकडेही बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडत बसल्याचे चित्र २०१९ साली आले, त्याची बातमी झाली होती. भाजी हजारो वर्षे निवडली जात होती. चित्रात बाबा उशिरा आले.

याच बाबतीत मला एका डॅनिश मास्तराचे कौतुक वाटते. हान्स ओरबर्ग यांनी १९५५ साली एक पुस्तक काढले, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत लॅटिनखेरीज अक्षर नाही. सुरुवात नकाशापासून: रोम कुठे, इटली कुठे. मग एक घर येते. घरातली धाकटी मुलगी गाणे म्हणते, म्हणून भाऊ तिला मारतो. ती रडत आईला हाक मारते. म्हणजे अगदी आपलेच घर! आणि त्या घरातला एक गुलाम पुढे चक्क पळून जातो, आपल्या आवडत्या बाईला घेऊन, जहाजात बसून. लेखकाने उपदेश एका शब्दाचा केलेला नाही. पण ज्याला पळून जावेसे वाटते तो सुखी नव्हता, एवढे पोरांना व्याकरणाशिवाय समजते. स्कॉटलंडातल्या मंडळींनी १९७१ साली काढलेल्या 'एक्के रोमानी'तही कथा आहे, पण त्यात एक गाडी खड्ड्यात रुतते ती धड्यामागून धडे निघता निघत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांची सवय असलेल्या वाचकाला ते पुस्तक फार वास्तववादी वाटेल.

मग आमचे संस्कृतचे पुस्तक? डॉ. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकात संस्कृतची दोन इंग्रजी पुस्तके लिहिली. नियम, शब्द, मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात करायची वाक्ये, अशी त्यांची मांडणी. साहेबाच्या लॅटिन शाळेची तीच रीत होती. त्यांनी शिस्त घालून दिली, आणि ती हवी होती. त्यांच्यामागून आलेल्यांनी शिस्त ठेवली आणि शोधाशोध सोडून दिली. त्यामुळे वर्षानुवर्षे पंचमी म्हटली की झाडावरून पान पडते, चतुर्थी म्हटली की राजा ब्राह्मणाला गाय देतो आणि 'रुच्' धातू म्हटला की बालकाला मोदक आवडतो. झाडाखाली आता पानांचा केवढा ढीग झाला असेल! ब्राह्मणाच्या गोठ्यात जागा उरली नसेल. ती गाय कुणाकडून आणली, राखत कोण होते आणि राजाने ज्याची घेतली त्याला ती आवडली का, हे विचारायला आमच्याकडेही कुणी सातव्या वर्षीचा चर्चिल नव्हता. असता तर त्यालाही कोपऱ्यात उभे केले असते.

प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्याची ही रीत पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत जाते. ज्या १८८८ च्या प्रायमरने इंग्लंडच्या पोरांना शतकभर घाम फोडला, त्यावर नाव आहे केनेडीसाहेबांचे. ते लिहिले मुख्यतः त्यांच्या मुलींनी, मॅरिअन आणि ज्युलिआ या दोघींनी, वडलांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या मदतीने. ख्रिस्तोफर स्ट्रे या अभ्यासकाने हे पुढे उजेडात आणले. ज्या केंब्रिजमध्ये त्या राहत होत्या तिथे बायकांना पुरती पदवी मिळू लागली १९४८ साली. तेव्हा काय झाले पाहा: बायकांनी लिहिलेले पुस्तक पाठ करून पुरुषांनी प्रवेश मिळवला, त्या विद्यापीठात लिहिणाऱ्या बायकांना पदवी नव्हती. केनेडीसाहेब स्वतः बायकांच्या शिक्षणाच्या बाजूचे होते, हे खरे. पण मुखपृष्ठावर षष्ठी एकाचीच आली.

लॅटिन आता पुन्हा अडचणीत आहे. सरकारी शाळांतल्या मुलांनाही ते शिकता यावे म्हणून इंग्लंडच्या सरकारने पैसे देऊन २०२२ साली एक योजना सुरू केली. २०२४ च्या अखेरीस दुसऱ्या सरकारने ते पैसे थांबवण्याचे जाहीर केले. कॅकिलिअस अर्धवट जळालेला असताना शिकवणीच बंद, असे काही वर्गांवर संकट आले. बड्या फीच्या शाळांत अर्थातच व्हेसुव्हिअस वेळेवर फुटत राहील. हे मला बरे वाटत नाही. पुस्तक चारशे वर्षांनी पोरांशी बोलायला लागले आणि नेमके तेव्हाच ते थोड्याच पोरांच्या हातात राहायचे, हा व्यवहार कुठल्याही विभक्तीत बसवला तरी वाईटच दिसतो.

माझ्या केनेडीच्या प्रतीत शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या कुणा मालकाने पेन्सिलीने उभ्या रेघा ओढून ठेवल्या आहेत. मी मोजल्या. एकेचाळीस आहेत. सुट्टी लागायला उरलेले दिवस असावेत, कारण रोज एक खोडत नेली आहे. त्यात कुठे गाळलेले नाही, कुठे दुबार खोडलेले नाही, कुठे अपवाद नाही. सबंध पुस्तकात विद्यार्थ्याने मनापासून केलेला असा तेवढा एकच स्वाध्याय मला सापडला, आणि तो पैकीच्या पैकी बरोबर आहे.